काईलीतून बेटावर

१९०९ साल. मी अठरा वर्षांचा होतो. गुऱ्हाळावरनं गुळाचा वास आला, की अजून ती काईल दिसते. माझ्या सासुरवाडीला नदीतल्या बेटावर जायला गूळ कढवायची काईलच नाव म्हणून पाण्यात घालत. मेव्हणा सदा मला बेट दाखवायला घेऊन गेला. तिथं बैलगाडीसुद्धा नव्हती. दिवसभर त्यानं पायीच एकेक झाड, एकेक मळा दाखवला. परतताना भर धारेत मी उभा राहून फेटा बांधू लागलो.

"दाजी, बसा की! काईल हाय ही, तुमचा घोडा न्हवं!" तो हसत ओरडला.

मला सांगणारा हा कोण, म्हणून मी बसलो नाही. काईल उलटली, तिचा काठ सदाच्या डोक्यात बसला. मी पोहत नदीकाठाला लागलो. सदाचं प्रेत संध्याकाळी खालच्या डोहात सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, काईल उलटली कशी?"

"सदा उभा ऱ्हायला," मी म्हणालो.