काकूंच्या कानातले खडे

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर उंदरांची खोली होती आणि तिथे काकूंचं राज्य होतं. पिंजरे साफ करणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं हे त्यांचं काम, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणं ही हौस.

खिडकीजवळच्या रॅकवर जन्मतःच तोल नसलेले उंदीर होते. माणसाच्या काय नि उंदराच्या काय, कानात खोलवर बारीक खडे असतात; वर कुठे, खाली कुठे, हे शरीराला त्यांच्यामुळे कळतं. या उंदरांच्या कानात ते खडे तयारच झाले नव्हते. त्यामुळे माना कायम वाकड्या. शेपटी धरून उचललं की बाकीचे उंदीर जमिनीकडे पाय पसरायचे, हे मात्र पोटाकडे वळून गोळा व्हायचे. चाचणीसाठी पाण्यात सोडले की वर कुठे हेच न कळून पाण्याखाली गिरक्या घ्यायचे. मग काकू त्यांना बाहेर काढायच्या.

"काल जरा जास्त झाली त्यांना," काकू पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगायच्या. संस्थेच्या प्रत्येक निरोपसमारंभात तर मान वाकडी करून, भिंत धरत त्या उंदरांची अशी नक्कल करायच्या, की साहेबांना हसून हसून ठसका लागायचा.

ही नक्कलच त्यांच्या अंगाशी आली. एका सकाळी साहेब पाहुण्यांना खोली दाखवत होते. वरच्या फळीवरचा पिंजरा काढायला काकूंनी मान वर केली आणि अख्खी खोली गरगर फिरली. हाताला लागलं ते त्यांनी घट्ट धरलं. तो साहेबांचा टाय होता.

"वा, काकू! आज तर कमाल केलीत," साहेब गुदमरत म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, नाटक नाही हे! धरा मला कुणीतरी!"

टाळ्या आणखी वाढल्या.

शेवटी तिथेच काम करणारी संशोधक मुलगी धावत आली. तिने काकूंना खाली बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. बुबुळं एका बाजूला झटके खात होती.

"साहेब, थांबवा टाळ्या. हे मुद्दाम करता येत नाही कुणाला."

कानाच्या डॉक्टरांनी निदान केलं, "तुमच्या कानातले खडे जागचे सुटून भलत्या नळीत शिरलेत."

"म्हणजे त्यांना खडेच नाहीत, आणि माझे गावभर हिंडायला निघाले!"

"कुणाला नाहीत?"

"आमच्या उंदरांना."

डॉक्टरांनी काकूंकडे जरा काळजीनेच पाहिलं. मग त्यांना आडवं करून, डोकं पलंगाबाहेर लोंबकळत ठेवून आधी एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला वळवलं. काकूंनी मनातल्या मनात त्यांच्या खानदानाचा उद्धार केला. पण उठून बसल्या तेव्हा भिंती जागच्या जागी होत्या. खडे घरी परतले होते.

त्यानंतर उंदराला पाण्यात सोडण्याआधीच काकूंचा हात पाण्यात असायचा. वर-खाली कळेनासं झालं की काय वाटतं, ते त्यांना आता ठाऊक होतं. नक्कल मात्र त्यांनी सोडली नाही. उलट आता ती फारच हुबेहूब व्हायला लागली.

घरी वेगळीच गंमत चालली होती. काकूंचे यजमान पेशाने शिंपी, आणि भलतेच हळवे. दवाखान्यात ते बाहेरच बसून होते, त्यामुळे खडे घरी परतल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. "वर बघायचं नाहीस, वाकायचंही नाहीस," त्यांनी घरी येताच फर्मान काढलं. कपडे वाळत घालणं, झाडू मारणं, फळीवरचे डबे काढणं, सगळं त्यांनी स्वतःकडे घेतलं. आपण बऱ्या झालोय, हे सांगायला काकूंना काही केल्या मुहूर्त सापडेना.

एका दुपारी ते अवचित लवकर घरी आले. काकू स्टुलावर चढून, मान पार मागे टाकून, वरच्या फळीवरची बिस्किटं शोधत होत्या.

"अगं! गरगरत नाही का तुला?"

"गरगरतंय तर!" काकू म्हणाल्या. "उगाच का डबा सापडत नाहीये?"

यजमान मोठ्याने हसले. मग त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि ते त्यावर बसले.

"खाली उतरताना माझ्यासाठीही दोन आण," ते म्हणाले. "आणि चढलीच आहेस, तर तिथली जळमटंही काढून टाक."