धुक्यातलं रामनगर

"जरा रुका डॉक्टरीणबाई, इथून तुमचं रामनगर बघा."

काशीच्या मुन्शी घाटाच्या पायऱ्या चढताना गुरुजी रोज तीन ठिकाणी थांबत आणि तिन्ही ठिकाणी हेच म्हणत. मी डॉक्टरीण नव्हते. हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली मशीन सांभाळायची. राहायला गंगेपलीकडे रामनगरला होते, सकाळच्या नावेने यायची आणि गुरुजी मला घ्यायला खाली उतरलेले असायचे. थंडीचे दिवस, गंगेवर दाट धुकं. रामनगर सोडाच, आत्ता जिच्यातून उतरले ती नावही दिसत नसे. तरी ते बोट दाखवायचे आणि मी बघायची. अशी हौशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यांचं मन मोडवत नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. काशीतल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांची हृदयं तपासायला आम्ही घाटावरच्या एका धर्मशाळेत आठ दिवस मशीन मांडलं होतं. पहिल्या दिवशी कुणी फिरकलंच नाही. गंगेत स्नान करून सोवळ्यात असलेला माणूस छातीला ती चिकट जेली कशाला लावून घेईल? गुरुजी घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगत. अडचण त्यांनीच ओळखली. "आधी मशीन, मग गंगा," असं ते घरोघर सांगून आले आणि दुसऱ्या दिवशी पारोशा म्हाताऱ्यांची ही रांग लागली.

एक आजी टेबलावर झोपायलाच तयार होईनात.

"यात मनातलं दिसतं का हो?"

"दिसत असतं तर हे मशीन मीच गंगेत फेकलं असतं," गुरुजी म्हणाले. आजी हसत हसत कुशीवर वळल्या.

पडद्यावर कुणाच्याही हृदयाची झडप उघडमीट करताना दिसली की ते हात जोडायचे. "चलतंय ना? चलू दे बाबा."

स्वतः मात्र रोज पहाटे स्नान उरकूनच येत. त्यांच्या नावाचा फॉर्म मी पहिल्याच दिवशी भरून ठेवला होता.

"गुरुजी, आज तुमचा नंबर."

"माझी आंघोळ झाली हो. उद्या पारोसा येतो, पक्का."

शेवटच्या दिवशीही ओल्या शेंडीने आले. मी चिडले.

"माझं काय बघता? मी रोज एवढ्या सीढ्या चढतो," ते म्हणाले.

मलाही ते पटलं. रांग मोठी होती, दुपारी मशीन परत न्यायचं होतं. खरं सांगायचं तर मी पुन्हा विचारलंच नाही.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट वाटायला गेले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. खाली गुरुजी नव्हते. एकटीच चढू लागले. सवयीने पहिल्या जागी थांबले, लांबवर रामनगर दिसलं. दुसऱ्या जागेवरूनही दिसलं. तिसऱ्या जागी वळून पाहिलं तर समोर पंधरा-वीस पावलांवर नुसती दगडी भिंत. तिथून रामनगर दिसतच नव्हतं.

मी त्या भिंतीकडे बघत राहिले. हृदयं तपासायला आलेली मी, आणि माझ्या शेजारी आठ दिवस हा माणूस दम खायला थांबत होता. मग मी धावतच सुटले. आंघोळ झालेली असो नसो, आज हाताला धरून हॉस्पिटलात न्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

धर्मशाळेच्या दारात त्याच आजी बसल्या होत्या.

"परवा गेले गं बाई. खाली त्या भिंतीपाशी टेकले, ते उठलेच नाहीत." त्यांनी हात पुढे केला. "माझं कसं आहे?"

"चांगलं आहे आजी," मी म्हटलं आणि रिपोर्ट त्यांच्या हातात दिला.

गुरुजींचा तो फॉर्म अजून माझ्यापाशी आहे, वर नाव आणि खाली सगळा कोरा. धुकं पडलं की अजून तो आवाज ऐकू येतो आणि जिन्यात माझा पाय अडखळतो. कुणी पायऱ्या चढताना मध्येच थांबून काही दाखवायला लागलं, तर आता मी तिकडे बघत नाही. त्या माणसाकडेच बघते.