मीनाची कोंबडी

मंडळी, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या टर्मिनलवरून या ग्रुपवर लिहितोय. आज मी एका पोरीचं वाटोळं केलं.

इथे ओहायोतल्या आमच्या कॉलेजची मुलं आफ्रिकेत शेतीकामाला व्हॉलंटियर म्हणून जातात. त्यांना तयार करतो मी. महिनाभर प्रत्येकाने एक कोंबडी पाळायची आणि शेवटच्या दिवशी स्वतःच्या हाताने कापायची. नियम माझाच.

आज बाकीच्यांनी कापल्या. आपल्या जोश्यांची मीना मात्र कोंबडी छातीशी धरून उभी. म्हणाली, "काका, यू शो मी फर्स्ट. प्लीज."

"मी शेकडो कापल्यात. तिथले लोक तुझं रडणं बघायला बसलेले नाहीत," असं सगळ्यांसमोर सुनावलं आणि यादीतून तिचं नाव खोडलं. दोन वर्षं ती आफ्रिकेला जायचीच तयारी करत होती. कोंबडी माझ्या हातात देऊन निघून गेली.

खरं सांगू? मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलो. इंडियन आहे म्हणजे शेतीतलं सगळं येणारच, असं डीनला वाटलं. मीही हो म्हणालो.

कोंबडी आता माझ्या कारमध्ये आहे. कशी कापतात, कुणाला माहीत आहे का?