राक्षसिणीनं पळवलेली आई

लातूरच्या घरी, हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून, मी आणि माझ्या मैत्रिणीनं अंगणवाडीच्या मुलांसाठी एक नाटक बसवलं. राक्षसीण आईला पळवून नेते. मुलांनी तीनदा जोरात हाक मारली की जादू तुटते आणि आई परत येते. मैत्रीण आई, मी राक्षसीण. मुलांनी नुसतं बघत बसायचं नाही, गोष्ट त्यांनीच पुढं न्यायची, या कल्पनेवर मी भलतीच खूश होते.

पहिला प्रयोग मुखेडजवळच्या एका गावात झाला. पाहुणे येणार म्हणून सेविकाताईंनी मुलांना आधीच तयार करून ठेवलं होतं. हाताची घडी, तोंडावर बोट. मी दात विचकले, गुरगुरले, आईला ओढत दाराबाहेर नेलं. कुणी हूं की चूं केलं नाही. "अरे, हाक मारा ना!" मी दारातून विनवलं. सगळी बोटं ओठांवर तशीच. राक्षसीण असून मी रडायचीच बाकी होते. शेवटी सेविकाताई खेकसल्या, "बोट काढा रे! वरडा आता!" मग मात्र पोरांनी अंगणवाडी डोक्यावर घेतली. तिसऱ्या हाकेला मैत्रीण धावत आत आली आणि सगळी तिच्या अंगावर पडली. जमलं एकदाचं, म्हणत मी डोक्यावरची पुठ्ठ्याची शिंगं काढली.

तेवढ्यात चारेक वर्षांची एक मुलगी माझी ओढणी ओढून म्हणाली, "आता माझ्या आईला बोलवू."

मी सेविकाताईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "तिचे आई-बाप ऊसतोडीला गेलेत, कारखान्यावर. ही आजीपाशी हाय. उन्हाळ्याबिगर काय येत न्हाईत."

आई पळवायची कल्पना माझी. दिवाळीनंतर इकडची किती घरं रिकामी होतात, हे मला काय माहीत नव्हतं? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "अगं, ते नाटक होतं," एवढंच म्हणायचं होतं. पण हाक मारली की आई येते, हे आत्ताच जीव तोडून मीच पटवलं होतं.

तोवर तिनं सगळ्यांना बाहेरच्या ओट्यावर नेऊन रस्त्याकडे तोंड करून उभं केलं होतं. ओरडायला आता कुणाला सांगावं लागलं नाही. तीन हाका झाल्या. रस्त्यानं एक ॲपे रिक्षा आली, न थांबता गेली. मुलं कंटाळून खिचडीकडे पळाली.

ती तिथंच उभी. मग माझ्याकडे वळून चिडून म्हणाली, "तुमी वरडलावच न्हाई."

खरं होतं ते. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि तिच्याबरोबर ओरडले, तिन्ही वेळा, घसा फाटेपर्यंत. रस्त्यावर कुणी नव्हतं. माझा आवाज चालला असावा तिला, कारण ती रडली नाही. जरा विचार करून तिनं विचारलं, "उद्या येताव का?"

मी हो म्हणाले. उद्याचा प्रयोग तिकडं लांब, हिमायतनगरला होता.