मासा परत करावा

मासे धरण्याच्या स्पर्धा असाव्यात की नसाव्यात, हे मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी मी मान हलवून आत निघून गेले असते. पण साकोलीकडच्या त्या तलावावरच्या रविवारनंतर हा विषय निघाला की मला चीड येते, आणि ती कुणावर काढावी हे कळत नाही.

बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. आमचं घराणं विणकरांचं, पण मागावर बसणारं आता कुणी उरलं नव्हतं. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी जाताना आपली फ्लाय फिशिंगची काठी बाबांना देऊन टाकली होती. या काठीच्या गरीला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात आणि ती पाण्यावर खऱ्या माशीसारखी अलगद टाकतात. बाबा त्या माश्या घरात उरलेल्या कोसा रेशमाच्या धाग्याने आणि चिकनच्या दुकानातून आणलेल्या पिसांनी बांधायचे. मासा लागला की हात ओला करून त्याला धरायचे, गरी काढायचे आणि पाण्यात जाऊ द्यायचे.

"खायाचा नाही त धरता कायले?" आई विचारायची.

"खायाचा बाजारात भेटते," बाबा म्हणायचे.

रविवारी मी त्यांच्यासोबत जायची. शाळेत माझं इंग्रजी घाबरत बोललेलं, नातेवाइकांत माझी मराठी हसण्यासारखी. त्यामुळे गप्प राहणं मला बरं पडायचं आणि लोकांना तो माज वाटायचा. काठावर तीन-तीन तास आम्ही एक शब्द बोलत नसू, आणि बाबांना त्यात काही खटकायचं नाही. आठवड्यातली तेवढीच सकाळ मला माझी वाटायची.

मग कुणीतरी स्पर्धा काढली. आयोजकांपैकी एक काका बाबांच्या ओळखीचे होते. ते नियमांचा इंग्रजी कागद घेऊन घरी आले.

"भाऊ, तुमी माशीनं मासा धरता म्हंते? आमच्या घरी लय माश्या हायेत, घेऊन जा न!" असं म्हणून ते स्वतःच हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तू इंग्लिश मीडियमची. हे मराठीत लिहून दे. फळ्यावर लावाचं हाये."

मी एका संध्याकाळी लिहून दिलं. मासा मोजून लगेच 'रिटर्न' करावा, असा एक नियम होता. मी लिहिलं, 'मासा मोजून लगेच परत करावा.' कुणाला, ते लिहिलं नाही. पाण्याशिवाय दुसरं कुणी माझ्या डोक्यातच आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मला टेबलावर बसवलं. स्पर्धकाचं नाव आणि माशाची लांबी लिहायची. पहिला माणूस बादलीत मासा घेऊन आला, काकांनी पट्टी लावली, आणि त्याने मासा टेबलावरच ठेवला.

"घ्या जी, परत केला."

काकांनी तो बाजूच्या प्लास्टिकच्या टबात टाकला. दुसऱ्यानेही तेच केलं. तलाव स्पर्धेच्या समितीने भाड्याने घेतलेला, म्हणजे मासा समितीचा, म्हणजे समितीला परत. वाचनालयात पुस्तक परत करतात तसा. माझ्या अक्षरातला कागद फळ्यावर होता आणि प्रत्येक जण तो अगदी इमानदारीने पाळत होता.

तिसऱ्या माशाला मला कळलं. टबात वीतभर पाणी, वरून ऊन. मासे एकमेकांवर पडून तोंडं उघडत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, काका, परत म्हणजे पाण्यात. चार शब्द. ते मी मनात जुळवले, पुन्हा तपासले. तेवढ्यात पुढची बादली आली आणि मी लांबी लिहिली. त्यानंतर प्रत्येक माशागणिक ते शब्द बोलणं जास्तच अवघड होत गेलं, कारण आता आधी का नाही बोललीस हेही सांगावं लागलं असतं.

शेवटी बाबा आले. गर्दीपासून लांब, तलावाच्या पलीकडच्या टोकाला बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हात रिकामे.

"मरळ होता. वितीनं मोजला, एकवीस इंच," ते म्हणाले.

"कुठं हाये?" काकांनी विचारलं.

"सोडला न."

"सोडला? परत कराचा होता जी!"

"मंग पाण्याले परतच केला न."

टेबलाभोवतीचे लोक हसले. "एकवीसच काहून, भाऊ? चाळीस सांगा न! सुटलेला मासा कितीबी वाढते." बाबाही आधी हसले. मग हसायचे थांबले. कुणीतरी फळ्याकडे बोट दाखवलं. बाबांनी तो कागद वाचला, अक्षर ओळखलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. त्यांच्या नावापुढे काकांनी मला फुली मारायला सांगितली. मी मारली.

स्पर्धा म्हणजे हेच, असं मी तेव्हापासून म्हणते, म्हणजे मनात म्हणते. इतकी वर्षं बाबांच्या माशाला साक्षीदार लागला नव्हता. माझ्यासमोर सोडला तरी ठीक, मी पाहिला नाही तरी ठीक. त्या दिवसापासून लागायला लागला. पुढच्या रविवारी त्यांच्या पिशवीत मोजपट्टी होती.

मरळ लागलाही. मोठा होता. बाबांनी त्याला काठावरच्या गवतात आडवा धरला.

"फोटो काढ. पट्टीचा आकडा दिसला पाह्यजे."

"बाबा, सोडा न."

"मंग कोण मानंल? काढ लवकर."

काढला. त्यात आकडा नीट आला नाही, म्हणून दुसरा काढला. बाबांच्या हातांना गवतातली माती लागली होती आणि मासा आता शेपटीही हलवत नव्हता. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "त्या दिवशी चूक माझी होती. कागदावर मी चुकीचं लिहिलं. तुमचं बरोबर होतं."

बाबा पट्टी गुंडाळत होते. थांबले.

"मंग तवा काहून नाही बोलली?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, इंग्रजीत तर लांबलचक होतं. मी फोटोतला आकडा पुन्हा पाहिला. बाबांनी मासा पाण्यात धरून मागेपुढे हलवून पाहिला. तो पोट वर करून तरंगला. त्यांनी तो उचलून पिशवीत टाकला.

दुपारी आईने त्याचा रस्सा केला. "चला, आज काहीतरी कामाचं आणलं," ती खुशीत म्हणाली आणि माझ्या ताटात मधला तुकडा वाढला. मी खाल्ला. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.