मिठाचा आळ

अंगद मूळचा खर्डा गावचा. नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर लागला आणि तिथंच दोन खोल्यांत सत्यशीलाबरोबर संसार थाटला. अंगानं दणकट, बोलायला कमी. गेल्या वर्षी कंपनीच्या तपासणीत बीपी वाढलेलं निघालं, ते त्यानं हसण्यावारी नेलं. बायकोनंच मागं लागून त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर जयमाला वयानं त्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी दिलेली गोळी त्यानं सुरुवातीला इमानानं घेतली. मग ध्यानात आलं, बायकोजवळ गेलं तर शरीर साथ देत नाही. त्यानं सगळा दोष गोळीवर ठेवला. पण सांगायचं कुणाला? बाईमाणसापुढं असलं काही बोलण्यापेक्षा मेलेलं बरं. सत्यशीला डब्याबरोबर गोळी द्यायची, तो ती कंपनीच्या भंगारात टाकायचा. गोळी सुटली तरी फरक पडेना, कारण आता मनात भीती बसली होती. तो कूस बदलून झोपू लागला.

बीपी दर खेपेला चढंच.

"गोळी रोज घेता ना?"

"व्हय."

मग डॉक्टर सत्यशीलाकडं वळायच्या. "ताई, घरात मीठ, लोणचं, पापड किती चालतं?"

"लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली, मॅडम. भाजीत नावाला मीठ घालते."

"मग चुकतंय कुठं?"

दारातल्या बाकावरच्या बाया माना वळवून बघत. सत्यशीला खाली बघे, अंगद पंख्याकडं. दोन स्वयंपाक कशाला म्हणून आता तीही अळणीच खात होती. त्याची बहीण आली, तेव्हा जेवता जेवता म्हणाली, "वैनी, तुझ्याच हातानं दादाला आजारी पाडलंस." अंगदनं ते ऐकलं आणि मुकाट्यानं भाकरी मोडली. स्वतःची किळस आली, तरी तोंड उघडलं नाही.

दिवाळीनंतर गेले तेव्हा बीपी आणखी वर गेलेलं. डॉक्टर दुसरी गोळी लिहू लागल्या, तशी सत्यशीला म्हणाली, "मॅडम, माजंच कुठंतरी चुकत आसंल. मीच यांना मारायला लागलेय, आसं वाटतंय."

अंगदला बसवेना. "तिचं काय बी चुकत न्हाई," तो म्हणाला. "मी गोळीच घेत न्हाई. लई दिवस झाले." आणि का, ते त्यानं टेबलाच्या कडेकडं बघत, तुटक तुटक सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काही गोळ्यांनी असं होतं. नुसत्या वाढलेल्या बीपीनंही होतं. आधी बोलला असता तर तेव्हाच गोळी बदलली असती." मग त्या सत्यशीलाला म्हणाल्या, "ताई, मी तुम्हालाच बोलत राहिले. यांना एकट्याला बसवून विचारायला हवं होतं."

रिक्षाची वाट बघताना सत्यशीला हळूच म्हणाली, "मला वाटलं, मी तुमच्या मनातनं उतरले."

"तसं न्हाई गं," एवढंच अंगदच्या तोंडून कसंबसं निघालं.

नवी गोळी मानवली. बीपी उतरलं, बाकीचंही हळूहळू सावरलं. त्यानं बहिणीला फोन करून खरं काय ते सांगितलं. पुरतं नाही, पण वैनीचा दोष नव्हता एवढं तरी. सत्यशीलानं मात्र पुन्हा तो विषय काढला नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं अंगदला अजून वाटतं.