बोटभर जास्तीचा बॅरल

बँडवाल्यांकडे किस्से साठतात, कारण आमचा निम्मा जन्म वाट बघण्यात जातो. नवरदेव रुसलाय, थांबा. मामा सापडेना, थांबा. भटजी दुसऱ्या लग्नात अडकलेत, थांबा! मग झाडाखाली बसून एकमेकांची उणीदुणी काढायची. मी दौंडच्या आबांच्या बँडात साइड ड्रम वाजवायचो. ड्रमला सूर नसतो, त्यामुळे बाकीच्यांच्या सुराला नावं ठेवायला मी अगदी मोकळा!

आणि नावं ठेवायला आमच्याकडे रंगनाथ मास्तर होते. त्यांचं क्लॅरोनेट. बाकी सगळ्यांचे कोट सुती, मास्तरांचा एकट्याचा लाल मखमली, खांद्यावर सोनेरी झुपके. त्या कोटावर त्यांचा भारी जीव. स्वतःच्या लग्नात ते तोच घालून बोहल्यावर चढले. बायकोकडचे विचारायला लागले, "बँडवाला आला, आन् नवरा कुठं ऱ्हायला?"

* * *

बहात्तरच्या दुष्काळानंतर लग्नं पुन्हा जोरात लागायला लागली, आणि नेमका तेव्हाच मास्तरांचा बॅरल तडकला. बॅरल म्हणजे माउथपीस आणि खालची नळी यांच्या मधला आखूड लाकडी तुकडा. तो लांब असला की सूर उतरतो, आखूड असला की चढतो. हे मास्तरांना माहीत होतं, सुताराला नव्हतं. पाळणे आणि पोळपाट करणारा भला माणूस तो. त्यानं शिसवाचा नवा बॅरल कातून दिला आणि वर म्हणाला, "बोटभर जास्तच ठिवलाय मास्तर. घरचं गिऱ्हाईक हाय, कमी पडाया नको!"

मी म्हटलं, "मास्तर, कापून घ्या की." पण सुतारानं दोन्ही टोकांना वेलबुट्टी काढली होती. "एवढी नक्षी कापू व्हय?" असं म्हणून मास्तरांनी तो तसाच बसवला.

* * *

आता क्लॅरोनेट खाली आणि ट्रंपेटवाले वर. पहिल्याच लग्नात कुत्री पळाली. आबा बँडचे मालक, त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला. "मास्तर वयानं मोठं हायती. बाकीच्यांनी खाली या!"

ट्रंपेटला एक सरकती नळी असते. ती बाहेर ओढली की त्याचाही सूर उतरतो. सगळ्यांनी नळ्या ओढल्या, आणि सगळा बँड मास्तरांच्या जोडीनं खाली येऊन बसला. पुढे त्या नळ्यांना ना कुणी तेल दिलं, ना हात लावला. हिरवा गंज चढून त्या तिथंच चिकटल्या. एकाला सुधारण्यापेक्षा सगळ्यांना बिघडवणं सोपं, हे आबांना निवडणूक न लढवताच कळलं होतं!

* * *

मास्तरांचा कान मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. बॅरलला हात लावायचा नाही, मग माउथपीस बदलायचे. पुण्याला गेले की एक नवा आणायचे. एक काळा, एक पिवळट, एक तर चक्क काचेचा. "ह्यो बसला की सूर वर येतोय बघा!" सूर काही येत नसे, नुसती किंकाळी यायची.

शिक्रापूरच्या वरातीत असाच नवा माउथपीस सैल निघाला. तो घट्ट करायला दोरा पाहिजे. मास्तरांनी इकडं तिकडं बघितलं. घोड्यावर नवरदेव, कपाळावर मुंडावळ्या. मास्तरांनी लोंबतं टोक धरून ओढलं! माउथपीस घट्ट बसला, पण निम्म्या मुंडावळ्या घोड्याच्या आयाळीत गेल्या. करवली ओरडली, "अवो, नवरा घोडा हाय का दादा हाय?"

* * *

थंडीत क्लॅरोनेट आणखीच उतरतं, तापलं की चढतं. म्हणून भांडगावला एका सकाळी मास्तर नवऱ्याच्या आंघोळीच्या बंबाला क्लॅरोनेट टेकवून बसले, आणि कुणी पाणी काढायला आलं की म्हणायचे, "जरा थांबा, अजून गार हाय." शेवटी मुहूर्त टळायला नको म्हणून नवरा गार पाण्यानं न्हाला. बोहल्यावर त्याचे दात असे वाजत होते, की माझ्या ड्रमची गरजच नव्हती!

तक्रार आबांकडे गेली. आबांचा जावई आमच्यात ट्रंपेट वाजवायचा आणि त्याचा डोळा केव्हापासून मखमली कोटावर. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, आता फुडं चेअरमनच्या घरचं लग्न हाय. तितं सूर हुकला, तर कोट जावयाच्या अंगात!"

मास्तर कोटाचा झुपका कुरवाळत राहिले. मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

* * *

लग्नाच्या आदल्या दिवशी मास्तर रेल्वे कॉलनीत एका गार्डसाहेबांकडे गेले. साहेब कधीकाळी क्लॅरोनेट वाजवायचे, आता रिटायर होऊन गाव सोडत होते. त्यांनी मास्तरांचं वाजवणं ऐकलं आणि म्हणाले, "मास्टर, बाजा अच्छा है, आदमी भी अच्छा है. बीच का टुकड़ा लंबा है!" आणि स्वतःचा जुना बॅरल मास्तरांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी वेलबुट्टीचा बॅरल खिशात टाकला आणि हा बसवला.

चेअरमन पाटसकडचे. कुठल्या सोसायटीचे, ते त्यांनाही आठवून सांगावं लागे, इतक्या होत्या! लग्न त्यांच्या मुलाचं, मुलगी शिरूरची. तिकडचे लोक आपला निळ्या कोटांचा बँड घेऊन आलेले. रिवाज असा, की वेशीत दोन्ही बँडांनी समोरासमोर उभं राहून आधी एक गाणं मिळून वाजवायचं, मग आपापलं.

गाणं सुरू झालं. मास्तरांनी फुंकलं, आणि शिरूरचा बँड आणि मास्तर असे मिळाले, की माझ्या अंगावर काटा आला. तो शिसवाचा बॅरल बसल्यापासून पहिल्यांदा मास्तर सुरात होते! त्यांचे डोळे भरून आले. आणि आमचे ट्रंपेटवाले? गंजलेल्या नळ्या घेऊन सगळे खाली, होते तिथंच. आमच्याच बँडात मास्तर एकटे वेगळे ऐकू येत होते.

जावई ओरडला, "आबा, बगा, हुकलं मास्तर!"

आबा पुढं झाले. "मास्तर, सगळी एकीकडं आन् तुमी एकीकडं? खाली या!"

"आबा," मास्तर म्हणाले, "आज न्हाई येत."

"मंग कोट काढा."

भर वेशीत मास्तरांनी कोट काढला, घडी घालून जावयाच्या हातावर ठेवला, आणि नुसत्या बनियनवर, क्लॅरोनेट काखेत धरून समोर चालत गेले. शिरूरवाल्यांनी जरा सरकून जागा दिली.

जावयानं कोट चढवला. मग आपापलं वाजवायची पाळी आली, तसं मास्तरांशिवाय एकट्या आमच्या बँडानं गाणं धरलं. सगळे सारखे खाली, एकजात, एकमेकांशी अगदी मिळून.

चेअरमननी मान डोलावली.

"आता कसं!" ते म्हणाले. "मघाधरनं त्यो बनियनवालाच बिघडवत व्हता."